हळद प्यालेली पिकअप

माझ्या भाच्याच्या ओळखीचे एक गृहस्थ पुण्यात असतात. त्यांनी एक जुनी पिकअप घेतली, गॅरेजवाल्याच्या ताब्यात दिली आणि ती चकाचक होऊन परत आल्यावर तिच्याशेजारी हाताची घडी घालून फोटो काढले. "स्वतःच्या हातांनी उभी केली," असं सांगतात म्हणे. भाच्यानं मला ते फोटो दाखवले. मी गाडी नाही पाहिली, त्यांची नखं पाहिली. पांढरीशुभ्र. गाडीत बसायच्या आधी ते बूट काढून ठेवतात, हेही भाच्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मग म्हणाला, "मावशी, तुमच्याकडं पण होती ना अशीच?"

होती. अशीच म्हणजे जीपच्या तोंडाची, मागे हौदा असलेली. आणि तीही मेलेलीच होती, आणि आम्ही ती घरच्या अंगणात उठवली. पण आमच्या गल्लीत त्याला कुणी छंद म्हणत नव्हतं. आमच्या गल्लीत त्याला येड लागणं म्हणायचे.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता. जिल्हा झाला म्हणून पेढे वाटले गेले, आणि पेढे खाल्ल्यावर पाणी प्यायचं तर लोक घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसले. पाऊस नव्हता, विहिरींना पाणी नव्हतं, पण जिल्हा होता. जो तो जिल्ह्याच्या ठिकाणचा माणूस झाला होता. कोपऱ्यावरचे एक दुकानदार कालपरवापर्यंत गूळ आणि रॉकेल एकाच हातानं मोजायचे, तेही आता "आमच्या हेडक्वार्टरला" असं बोलायला लागले होते.

मी नांदेडला बीएस्सी करत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. शेवटची परीक्षा झाली तसं होस्टेलनं पाणी नाही म्हणून सगळ्यांना घरी पिटाळलं, आणि निकालाची वाट बघत मी लातूरला, गावाच्या कडेच्या आमच्या दोन खोल्यांत येऊन पडले. आले तर अंगणात ही पिकअप.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिनिंगच्या मालकांकडं ड्रायव्हर होते. कळत्या वयापासून स्टेअरिंगवरच. कापूस यायचा बंद झाला तशी जिनिंग बंद पडली आणि मालक म्हणाले, "तुमची पहिली गाडी शेडमागं सडून राहिलीय. घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल." एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर माणसाला देताना जागा मोकळी होण्याचा विचार ज्याला सुचतो, तो मालकच असतो. अण्णांनी मात्र ते भंगार सोनं मिळाल्यासारखं बैलं जुंपून ओढत आणलं. चाकांत हवा नाही, हौद्यात बाभळीचं रोपटं उगवलेलं. दुकानदार ओट्यावरून ओरडले, "अण्णा, बैलगाडी घेतली का काय हो नवी?"

अण्णा हसले नाहीत. त्यांना ती गाडी कशासाठी हवी होती हे घरात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. दुष्काळाचं धान्य आणि चारा खेड्यांत पोचवायला एक सरकारी खातं खासगी गाड्या भाड्यानं घेणार होतं. ठरल्या दिवशी खात्याच्या आवारात गाडी घेऊन जायचं, साहेब बघणार, पसंत पडली तर गाडी आणि ड्रायव्हर दोघंही कामावर. नाही पसंत पडली तर अण्णांसाठी एकच काम उरलं होतं, खडी फोडायचं. माय तिथं आधीच जात होती. रस्त्याच्या कडेला उन्हात दगडांसमोर बसलेली माय बघून अण्णा रस्ता बदलून घरी यायचे. तिच्याशेजारी जाऊन बसणं त्यांना जड नव्हतं. जड होतं ते त्याच रस्त्यावरून दुसऱ्यांच्या गाड्या जाताना बघणं. एकदाच बोलले ते माझ्याजवळ, "घण उचलीन गं बाई. पण हार्न ऐकू आला की मान वर होईल ना."

तर आम्ही कामाला लागलो. अण्णांना जवळचं दिसायचं कमी झालं होतं, आणि बारीक पेच, बारीक फटी सगळं जवळच असतं. म्हणून पाना माझ्या हातात आला. इंजिन जाम होतं. रॉकेल आणि तेल एकत्र करून प्लगच्या भोकांतून आत सोडलं आणि मुरत ठेवलं. रोज सकाळी अण्णा पुढं हँडल लावून जोर द्यायचे आणि रोज सकाळी ओट्यावरून आवाज यायचा, "हाललं का?" एका सकाळी बोटभर हाललं. मी नांदेडला पेपर सोडवले त्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. दुकानदार म्हणाले, "हाललं म्हंजे काय, भूकंपात घर बी हालतंय."

व्हॉल्व्ह घासायला एक लाकडी दांडा असतो, खाली रबरी वाटी. दोन्ही तळव्यांत धरून तो रवीसारखा फिरवत बसायचा, बसायचा, तोंड एकसारखं चमकेपर्यंत. मी अंगणात तेच करत बसले होते तेव्हा पाण्याला निघालेल्या बायका थांबून बघायच्या.

"काय गं, ताक करून राहिली का?"

"हाव. या लोणी न्यायला."

"बीएस्सीला हेच शिकवतात व्हय?"

"न्हाई, हे फुकट शिकले. तिथं उभं राहून बघायचं शिकवतात, तुमच्यासारखं."

माय आतून ओरडायची, "तोंड आवर गं!" पण माझं तोंड आवरण्यातलं नव्हतं आणि अजूनही नाही.

सगळ्यात जास्त सल्ले दिले ते माझ्या चुलत्यांनी. हे बोर्ड रंगवायचे. नव्या जिल्ह्यानं त्यांची चांदी केली होती, कारण दुकानांवर, शाळांवर, सोसायट्यांवर, जिथं जिथं "जि. उस्मानाबाद" होतं तिथं तिथं खरवडून "जि. लातूर" लिहायचं होतं. दुष्काळात ज्याच्या डब्यातलं काही आटलं नाही असा आमच्या भावकीत हा एकच माणूस. संध्याकाळी बोटांना निळा-पिवळा रंग घेऊन यायचे, उघड्या इंजिनकडं पाठ करून दरवाजाच्या पत्र्यावर थापट्या मारायचे आणि म्हणायचे, "अण्णा, खरी गोष्ट रंगाची हाय."

मी म्हणायचे, "काका, पिस्टन रंगवणार का?"

"तू हस बाई. पर लोक पिस्टन बघत न्हाईत."

इंजिन अजून खोकलंही नव्हतं आणि त्यांनी उरलासुरला निळा रंग आणून टप, दरवाजे, हौदा सगळं रंगवून काढलं. दोन्ही दरवाजांवर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत अण्णांचं आडनाव आणि खाली "जि. लातूर". जिल्ह्याच्या वेलांटीला त्यांनी एक वेलबुट्टी काढली. मला मनापासून संताप आला. ब्रेकचं रबर मिळत नाही, क्लच घसरतोय, आणि आमची गाडी नवरीसारखी नटून बसलेली.

अखेर ती सुरू झाली. खोकली, शिंकली, धूर सोडला आणि अंगण हादरवत चालू राहिली. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मी रडले नाही. धूर डोळ्यांत गेला होता.

आता राहिला रेडिएटर. मोठं भोक डाग देऊन बुजवलं, पण जाळीत कुठंतरी बारीक झिरपा होता. यावर ड्रायव्हर लोकांचा एक इलाज असतो. पाण्यात मूठभर हळद टाकायची. ती फिरत फिरत जाते आणि बारीक फटीत बसते. इलाज साधा, पण त्याला पाणी लागतं, आणि घरात पाणी मायच्या ताब्यात. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी घागर मागितली तेव्हा तिनं आमच्या दोघांकडं असं बघितलं की जणू आम्ही तिचं मंगळसूत्र मागत होतो.

"माणसं आंघोळीवाचून फिरून राहिलीत, अन् ह्या डब्याला घागर?"

"तिला तहान लागती गं," अण्णा म्हणाले.

"अन् मला?"

पण दिली. वर मूठभर हळदही दिली. पुटपुटत. मी ती पाण्यात कालवून स्वतः ओतली, अण्णांनी इंजिन फिरवलं, झिरपा थांबला. सकाळी उजाडताच अण्णांनी झाकण उघडून बोट बुडवून पाहिलं. काठोकाठ. मग ते आत धोतर नेसायला गेले आणि मी हात घासायला राखेजवळ बसले.

तेवढ्यात गल्ली जमली. नवी गाडी निघते तेव्हा नारळ फोडतात, आणि नारळ फुटणार म्हटलं की ज्यांनी सगळा उन्हाळा खिदळून करमणूक केली तेच सगळ्यात पुढं. दुकानदार कपाळाला भस्माचे पट्टे ओढून, खांद्यावर धुतलेलं उपरणं टाकून आले. नारळ मीच फोडणार म्हणाले. चुलते कुंचला घेऊन आले, कुठं टवका उडाला तर. ताक करून राहिली का म्हणणाऱ्या बायकाही आल्या. आणि एवढी माणसं दारात आल्यावर माय त्यांना चहाशिवाय जाऊ देणार? आमच्याकडं घरात अन्न नसलं तरी चालतं, पण दारातून माणूस चहावाचून गेला तर वर्षभर तोंड लपवावं लागतं. टँकर आदल्या दिवशी आलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी कपबशा भरून आल्या, आणि गडबडीत मीही विचारलं नाही कुठून.

दुकानदारांनी बशीत ओतून भुरका मारला. "वैनी, चहा लई कडक झालाय ओ. काय घातलं? विलायची?"

"घातलं आपलं काहीबाही," माय म्हणाली.

"हळदीचा वास येतोय मला," चुलते म्हणाले.

"सर्दीला चांगली असती," माय म्हणाली आणि कपबशा गोळा करायला लागली.

नारळ फुटला. अण्णा स्टेअरिंगवर बसले, मी शेजारी, मांडीवर पान्यांची पिशवी. आम्ही निघालो. खात्याचं आवार गावाच्या दुसऱ्या टोकाला. चौक ओलांडला आणि अण्णांनी नाक वर करून हुंगलं. मलाही वास आला. तापलेल्या तव्यावर काहीच नसताना येतो तसा. अण्णांनी लगेच इंजिन बंद केलं. पुढं उतार होता, गाडी नुसती घरंगळत आवाराच्या फाटकाजवळ जाऊन थांबली. मी उतरून फडकं धरून झाकण उघडलं. रेडिएटर कोरडा ठणठणीत. तळाशी पिवळा गाळ.

"झिरपा सुटला," मी म्हणाले.

अण्णा वाकून खाली गेले. थेंब नव्हता. रस्ताभर मागं पाहिलं, तिथंही नव्हता. मग त्यांनी रेडिएटरखालची, पाणी सोडायची तोटी चाचपली. ती अर्धीच पिळलेली होती, आणि तोटीला चहाच्या गाळणीच्या फडक्याचा दोरा अडकलेला.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

"म्हणूनच," अण्णा हळूच म्हणाले, "मला तो चहा ओळखीचा लागला."

गल्लीतले सगळे शहाणे आमच्या गाडीचं पाणी पिऊन बसले होते आणि गाडी इथं तहानेनं मरत होती. रागही येत होता आणि दुकानदारांचा भुरका आठवून हसूही येत होतं. पण समोर फाटक होतं, आत गाड्यांची रांग होती, आणि अण्णांचं तोंड उतरलं होतं. मी म्हणाले, कुठून तरी तांब्याभर पाणी आणते. अण्णा म्हणाले, "थांब. तापल्या इंजिनात गार पाणी वतलं तर तडकतंय. मग संपलंच. निवू दे तिला."

म्हणून आम्ही गाडी ढकलत आवारात नेली. इतर ड्रायव्हर बिड्या ओढत उभे होते. एकजण म्हणाला, "काका, पोरीला जुंपून आणलं का? बैल कुठं गेले?" दुसरा म्हणाला, "रंग झकास हाय पर. वरातीला न्या." मी ढकलत राहिले. ज्यांच्या गाड्या कुणीतरी दुसऱ्यानं दुरुस्त केलेल्या असतात त्यांना बोलायला वेळ फार.

साहेब आले. पांढरे बूट. दुष्काळात पांढरे बूट घालणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तिथंच झालं. आमच्या पुढं एक गाडी होती, आमच्याहून कितीतरी नवी. इंजिन कसं मऊ चालत होतं, मी कान देऊन ऐकलं. साहेबांनी तिच्या दरवाजापाशी थांबून कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? जिल्हा उस्मानाबाद?"

"साहेब, जुनं लिहिलेलं हाय. रंगवून घेतो."

"जिल्हा बदलला, कळलं नाही का तुम्हाला? वरिष्ठ येणार आहेत दौऱ्यावर. पुढच्या वेळी या."

गाडीवाल्यानं गाडी वळवली. मग ते चांगलं इंजिन आवाज न करता फाटकाबाहेर गेलं.

साहेब आमच्याकडं वळले. निळ्या पत्र्याभोवती एक फेरी मारली. दरवाजावरच्या वेलबुट्टीपाशी त्यांचा चेहरा खुलला.

"वा. जिल्हा लातूर. अक्षर कुणाचं?"

"भाऊ हाय माझा," अण्णा म्हणाले. "साहेब, बॉनेट उघडून दाखवू?"

असं विचारणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. आत रेडिएटर कोरडा पडलेला, आणि हा माणूस उघडून दाखवू म्हणतो. कारण त्यांना रंगावर पास व्हायचंच नव्हतं. आम्ही घासलेले व्हॉल्व्ह त्यात होते. कुणीतरी ते बघावं असं त्यांना वाटत होतं.

"राहू द्या, राहू द्या," साहेब पांढरे बूट मागं घेत म्हणाले. "चालू होते ना?"

अण्णांनी पुढं जाऊन हँडल मारलं. एका झटक्यात चालू झाली. दोन श्वास चालली, अण्णांनी बंद केली.

"छान. उद्यापासून या," साहेब म्हणाले आणि पुढच्या गाडीच्या दरवाजावरचं अक्षर वाचायला गेले.

अण्णा तसेच उभे राहिले. आनंद झाला होता, आणि कुठंतरी अपमानही. मला तर दुसरंच जास्त जाणवलं. उन्हातान्हात घासलं, रॉकेलानं हातांची सालं निघाली, आणि आम्ही पास झालो ते ज्याला मी सगळा उन्हाळा हसले त्या चुलत्याच्या कुंचल्यावर. काका बरोबर होते. बरोबर असले म्हणून शहाणे होते असं नाही. साहेबही त्याच मापाचे निघाले, एवढंच.

इंजिन निवलं तसा पाण्याचा प्रश्न परत आला. तांब्या घेऊन मी इमारतीच्या मागं गेले आणि थांबले. मागं हिरवंगार गवत होतं. कोवळं, नुकतं लावलेलं, आणि एक माळी रबरी पाइपानं त्याला पाणी घालत होता. दौऱ्यावर येणाऱ्या वरिष्ठांसाठी. मी तांब्या खाली ठेवला आणि पाइपच घेतला त्याच्या हातातून.

"ओ ताई! ते लॉनचं पाणी हाय!"

"गवताचं रेशनकार्ड हाय का?"

"साहेब बघतील ना!"

"साहेब बघत नसतात. आत्ताच बघून आले मी."

पाइप गाडीपर्यंत पुरत होता. अण्णांनी धार अगदी बारीक धरून हळूहळू रेडिएटर भरला, घाई न करता, तान्ह्या लेकराला पाजावं तसं. माळी थोडा वेळ कुरकुरला, मग तोच वाकून म्हणाला, "तोटी गळून राहिली बघा." मी ती घट्ट पिळली. मग हौद्यात पडलेले दोन डबेही भरून घेतले. माळ्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं. त्या आवारात भला माणूस तेवढा एकच सापडला.

घरी आलो तेव्हा माय दारातच होती. खडीवर गेली नव्हती त्या दिवशी. अण्णा उतरले आणि एवढंच म्हणाले, "उद्यापासून ये म्हणले." तिनं पदर तोंडाला लावला. मग मी विचारलं, तोटी कुणी सोडली?

"मी," ती म्हणाली. तिला त्यात लाजण्यासारखं काही दिसतच नव्हतं. "माझं पाणी होतं. दारात माणसं आली, मी परत घेतलं. ती काय पिऊन राहिली होती का, नुसती धरून बसली होती."

"इंजिन जळलं असतं माय!"

"अन् वीस माणसं चहा न पिता गेली असती तं? लाजेनं मी जळाले नसते का?"

अण्णा हसायला लागले. पायरीवर बसून, धोतराला तेलाचे हात पुसत, खूप दिवसांनी मोठ्यानं हसले. तेवढ्यात दुकानदार आणि चुलते बातमी ऐकून आले. चुलत्यांनी आधी दरवाजावरची वेलबुट्टी तपासली, मग माझ्याकडं बघून मिशीत हसले. साहेब त्यांच्या अक्षरावर भुलले हे मी दाबूनच ठेवलं. सांगितलं असतं तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. दुकानदार ओट्यावर ऐसपैस बसले.

"वैनी, सकाळच्यासारखाच करा. तसाच कडक."

माय आत गेली. डब्यातलं लॉनचं पाणी स्वच्छ होतं, पण ती तशीच उभी राहिली, मग हळदीच्या डब्याकडं हात नेला. माझ्याकडं बघून म्हणाली, "मागून राहिलेत तं देऊ की."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कामावर निघाले तेव्हा मायही फडक्यात भाकरी बांधून निघाली, खडीवर. अण्णांनी शेजारचा दरवाजा उघडला. कामावरच्या गाडीत घरचं माणूस बसवायचं नाही, असं खात्यानं बजावलं होतं. अण्णा म्हणाले, बस. ती डाव्या दरवाजावरच्या वेलबुट्टीला हात लावून वर चढली, आणि मांडीवर भाकरीबरोबर तिनं पाण्याची एक कळशी ठेवली होती.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"हिच्यासाठी," बॉनेटकडं मान करत ती म्हणाली. "हात लावणार न्हाई मी."

खडीच्या कामावर बायका दगडांवरून मान वर करून बघत होत्या म्हणे. अण्णांनी हॉर्न वाजवला. तो मात्र आम्ही दुरुस्त केला नव्हता. अख्ख्या गाडीत तेवढी एकच वस्तू पहिल्यापासून चांगली होती.